सटवाच्या सतरा खुणा

रतनबाईनं भावाच्या ताटात दुसऱ्यांदा दही वाढलं, तेव्हाच सटवानं ओळखलं, की यंदा नारळ काही आपल्या नावेतून जात नाही.

दह्याचा आणि नारळाचा काय संबंध, असं परगावच्या माणसाला वाटेल. हिंगणवाडीत वाटत नाही. माजलगावच्या धरणात जुनी हिंगणवाडी बुडाली आणि नवी काठावरच्या माळावर वसली. गावाचा खंडोबा तेवढा टेकाडावर होता म्हणून वाचला. आता त्याच्या चारी अंगांनी पाणी आहे. चंपाषष्ठीला सगळं गाव नावांत बसून त्याच्याकडं जातं. नारळ असतो मानाच्या नावेत. तो पहिल्या पायरीवर फुटेपर्यंत पायरीला कुणी पाय लावायचा नाही, मग तो सरपंच असो की सरपंचाचा बाप. आणि भंडाऱ्याचा पहिला टिळा नारळ आणणाऱ्या नावाड्याला. एकोणीस वर्षं हा टिळा सटवाच्या कपाळी होता. चंपाषष्ठीनंतरचे आठ दिवस सटवा कपाळ धूत नाही, असं लोक म्हणत. खोटं होतं ते. पंधरा दिवस धूत नसे.

मान त्याला फुकट मिळाला नव्हता. सटवाचा धंदा शेरडांचा. पलीकडच्या काठाला चारा चांगला, म्हणून त्यानं नाव केली. खताच्या गोण्या उसवून तिला शीड शिवलं. वारा भरला की त्या शिडावरचं ‘हुक लावू नये’ अजून वाचता येतं. पण खरी गोष्ट शिडाची नव्हे, पाण्याखालची. खाली अख्खं गाव उभं. भिंती, पार, चिंचांची खोडं, विहिरींच्या मोटेचे दगड. वीतभर पाण्याखाली दगड असला तरी वरून दिसत नाही आणि नावेचा तळ फाटतो. सटवा काठावरचा लिंब आणि पाण्याची टाकी एका रेषेत धरी आणि बसल्या जागेवरून सांगे, “अर्जुनराव, पाय आकडून घ्या. तुमच्या चुलत्याच्या ओसरीवरून चाललोत.” बायका हसत आणि खाली वाकून बघत. म्हातारी माणसं हात जोडत.

अशा माणसाच्या जिवाला घोर लावला तो टॅबनं.

टॅब बंकटचा. बंकट म्हणजे रतनबाईचा धाकटा भाऊ, सटवाचा मेव्हणा. त्याची लेक योगिता परीक्षेच्या अभ्यासाला शहरात गेली, तिला नवा टॅब मिळाला आणि जुना बापाकडं आला. दुसरा कुणी असता तर त्यावर कुस्त्या बघत बसला असता. बंकटनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आपल्या नावेच्या डोलकाठीला बांधला. पडद्यावर धरणाचा नकाशा, नकाशात निळा ठिपका. नाव हलली की ठिपका हलायचा. कुठं दगड जवळ आला की टॅब टुंग करायचा आणि बंकट ऐटीत सुकाणू वळवायचा. महिन्याभरात गावाला वेड लागलं. ज्या बायका पाण्यात वाकून बघायच्या, त्या आता मान वर करून ठिपका बघू लागल्या.

“दाजीला रेषा धरायला लिंब लागतो,” बंकट साधेपणानं म्हणाला. “धुकं पडलं तर लिंब दिसत न्हाई. ह्याला सगळं दिसतंय.”

त्यानं हे वाईट मनानं म्हटलं नव्हतं. तेच सटवाला जास्त लागलं. वाईट मनाच्या माणसाशी भांडता तरी येतं.

अर्जुनराव माजी सरपंच. नारळाचा निर्णय त्यांचा. त्यांनी पारावर जाहीर केलं, “यंदा नारळ टॅबच्या नावंत.” बंकटच्या नावेत असंही म्हणाले नाहीत! माणसानं माणसाला हरवलं तर एक वेळ चालतं, पण गोणीएवढं शीड ओढणाऱ्या माणसाला पाटीएवढ्या काचेनं हरवावं? आणि त्या संध्याकाळी, ही बातमी सटवाच्या कानावर पडायच्या आतच, सांगितलंच, भावाच्या ताटात दोनदा दही. सटवाच्या ताटात एकदा, तेही वाटीच्या तळाचं.

“मला कावून न्हाई?” सटवानं विचारलं.

“तुमाला रातच्याला दही बाधतंय,” रतनबाई म्हणाली. तीस वर्षांत ते कधी बाधलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सटवा चहाच्या निमित्तानं बंकटच्या दारी गेला. त्या काचेत आहे तरी काय, हे एकदा बघायचं होतं. बंकट हरखला. दाजी आपण होऊन आले! त्यानं टॅब मांडीवर घेऊन नकाशा मोठा केला. सगळ्या पाण्यावर लाल खुणा, आणि प्रत्येक खुणेला नाव. बंकट वाचू लागला, “दाजींच्या आज्याची भिंत. दाजी पडलेली विहीर. दाजींनी मार खाल्लेला पार...”

सटवानं कप खाली ठेवला. “हे कुठून आलं बे ह्यात?”

“तुमीच सांगितलं की. आटलं हुतं तवा.”

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात धरण आटलं होतं. भेगाळलेल्या गाळातून दोघं शेरडं घेऊन जुन्या गावात हिंडले होते. सटवा दिवसभर बोलत होता. हितं अमकं, हितं तमकं. बंकट मागून मोबाइलवर अंगठा हलवत येत होता.

“म्या समजलो, तू पिच्चर बघायलास.”

“न्हाई दाजी. तुमी बोलत हुता, म्या टिपत हुतो.”

म्हणजे उपग्रह नाही, विज्ञान नाही, काही नाही. त्या काचेत सटवाच बसला होता! सटवाची जीभ सटवालाच हरवत होती, आणि दही मात्र बंकटला. असा मत्सर कुणाच्या वाट्याला येऊ नये. शेजाऱ्याचा हेवा वाटला तर शेजार बदलता येतो. हा तर स्वतःचाच हेवा.

तेवढ्यात बंकट भोळेपणानं म्हणाला, “दाजी, सांगायचं कायी राहिलंय का?”

सटवानं उरलेला चहा शांतपणे बशीत ओतला.

“राहिलंय की,” तो म्हणाला. “लई राहिलंय.”

त्या दिवसापासून रोज सकाळी सटवा मेव्हण्याकडं. नकाशावर बोट टेकवायचं आणि म्हणायचं, “हितं धुळाजीचा गोठा. दगडी हाय, जपून.” बोट टेकलं की बंकट लाल खूण करायचा. तिथं गोठा नव्हता. धुळाजी नावाचा माणूसही गावात कधी जन्मला नव्हता. मग एक देवळी, दोन जोती, एक आड, चार खुंट. दगड नाही तिथं दगड सांगितला तर कुणी बुडत नाही, नुसता वळसा पडतो, एवढं पुण्य सटवानं राखलं होतं. आठ दिवसांत सतरा खुणा झाल्या. शेवटच्या दिवशी त्याला काही सुचेना. पायऱ्यांच्या तोंडाशी बोट टेकवून तो म्हणाला, “आन हितं आमच्या मायचं उखळ. भलं थोरलं.”

रतनबाईला भरून आलं. “कधी न्हाई ते माझ्या भावाला मदत करायलेत,” ती शेजारणीला म्हणाली. त्या रात्री तिनं सटवाच्या ताटात दुसऱ्यांदा दही वाढलं. सटवानं ते खाल्लंही. जरा आंबट लागलं.

चंपाषष्ठीला वारा छान होता. बंकटच्या नावेत नारळ, अर्जुनराव, बारा माणसं आणि रतनबाई. सटवाच्या नावेत सटवा. त्यानं शीड सोडलं, लिंब आणि टाकी एका रेषेत धरली आणि सुटला तो बाण. मागं टुंग झालं. बंकट डावीकडं वळला. पुन्हा टुंग, उजवीकडं. टुंग, परत मागं. शीड फडफडून लुळं पडलं.

“बंकट, बे,” अर्जुनरावांचा आवाज पाण्यावरून आला, “आपन खंडोबाला चाललोत का नांगरटीला?”

“धुळाजीचा गोठा हाय, मामा.”

“कोन धुळाजी?”

सटवा गालात हसत टेकाडाला लागला. पहिला! आणि तिथं त्याच्या ध्यानात आलं, की नारळ मागं आहे. नारळ फुटल्याशिवाय पायरीला पाय लावायचा नाही. नाव बांधायला खुंटा पायरीच्याच वर. मग सटवा गुडघाभर पाण्यात उतरला आणि नावेचा दोर धरून उभा राहिला. मार्गशीर्षातलं सकाळचं पाणी. पाव तास गेला, अर्धा तास गेला. पायाची बोटं आहेत की गेली, कळेना. बंकटची नाव सापासारखी येत होती, टुंग टुंग करत. सटवाचे दातही तसेच वाजू लागले. शेवटी नाव हाकेवर आली आणि पायऱ्यांसमोर परत वळली.

“आता कावून?” अर्जुनराव ओरडले.

बंकटनं पडदा वाचला. “दाजींच्या मायचं उखळ. भलं थोरलं.”

नावेत रतनबाई उभी राहिली. “कुठलं उखळ?”

“आक्का, दाजीच म्हणले.”

“आत्याबाईंचं उखळ माझ्या सैपाकघरात हाय,” रतनबाई म्हणाली. “काल त्यात शेंगदाणे कुटले म्या. तुमीच खाल्ली ती चटणी, अर्जुनराव.”

मग बारा माणसं अशी हसली की नाव डुलायला लागली. बंकट सोडून. तो टॅबकडं बघत होता, मग दाजीकडं बघत होता. सटवानं दोराला उगीच गाठ मारली, सोडली, परत मारली.

नारळ फुटला. टिळा बंकटला लागला. प्रसाद वाटून झाल्यावर बंकट सटवाजवळ आला आणि हळूच म्हणाला, “दाजी, ह्यातल्या खऱ्या कुठल्या आन खोट्या कुठल्या, आता तुमच्याबिगर कोन सांगनार?”

सटवाला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. मग परत बरं वाटलं.

“पुढल्या साली नारळ कुणाच्या नावंत?” त्यानं अर्जुनरावांना विचारलं.

“पुढल्या सालचं पुढल्या साली. आधी पान्यातलं उखळ बाहेर काढा.”

रतनबाईनं घरी गेल्यावर एवढंच सांगितलं, “सगळ्या खुना पुसल्याशिवाय दही मागायचं न्हाई.” तेव्हापासून सटवा रोज बंकटच्या नावेत बसायचा, नकाशावर बोट टेकवायचा आणि एक खूण पुसून घ्यायचा. सोळा पुसल्या. “झाल्या का दाजी?” बंकटनं विचारलं. “झाल्या,” सटवा म्हणाला.

अजूनही पलीकडच्या काठाला जाताना बंकटची नाव मधल्या उघड्या पाण्यात जराशी वाकडी होते. खाली काही नाही. तेवढ्या वळणात सटवाची नाव दोन हात पुढं निघते आणि सटवा मागं वळून बघत नाही, अगदी ठरवून बघत नाही.

रतनबाई भावाच्या नावेतून ते बघते. संध्याकाळी सटवाच्या ताटात दही एकदाच पडतं.