तळेघरच्या उतारावरचा निळा धूर

२०१७ साल. मला अठ्ठावन्नावं लागलं होतं आणि निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण त्या साली तळेघरच्या उतारावर जे घडलं ते आठवलं की आजही हातातला चहा हातातच गार होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्या घरात एक लहान मूल आहे, त्याला अजून त्याच गावात मोठं व्हायचंय.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, बरीच वर्षं ठाण्याची जीप चालवली आणि सहायक फौजदार होऊन बाहेर पडलो. परीक्षा देऊन आलेले साहेब येत-जात राहिले, मी माझ्या पद्धतीनं काम करत राहिलो.

बाजाराचा दिवस होता. पावसाळा सरत आला की त्या भागात सकाळी धुकं असं उतरतं की हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. ठाण्यात फोन आला, उताराच्या तळाशी एका म्हातारीला गाडीनं उडवलंय. आम्ही पोहोचेपर्यंत ती गेली होती. एसटीचा भरवसा नाही, म्हणून तिकडची माणसं फाट्यापर्यंत चालतच जातात. तीही तशीच निघाली होती. पंचनामा मी केला. मृतदेह रस्त्याच्या कडेला नाही, मधोमध. पिशवीतला घेवडा डांबरावर सांडलेला. उजवी मूठ घट्ट मिटलेली आणि मुठीत कुलपाची किल्ली.

तिचा एकुलता एक मुलगा पिकअपवर भाजीपाला वाहायचा. सून बाळंतपणाला निरगुडसरला माहेरी गेलेली. लोक सांगायला धावले तेव्हा तो घराच्या ओट्यावर, कुलूप लावलेल्या दाराला टेकून बसला होता. रात्रभर गाडी चालवून बाजारात माल टाकून आला होता. आई किल्ली घेऊन गेलीय, येईल म्हणून थांबलो, म्हणाला. मग त्यानं जो हंबरडा फोडला, तो ऐकून आमचा शिपाईसुद्धा तोंड फिरवून उभा राहिला.

साक्षीदार एकच. शेजारच्या वाडीतली एक बाई म्हातारीच्या मागून येत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात धुकं. गाडी कसली, रंग कुठला, काही सांगता येईना.

"गाडी उतारानं गपचिप आली," ती म्हणाली. "मंग धाडकन वाजलं. मंग गुर्र करून माझ्या अंगावरनंच गेली बगा. अन् ह्यो धूर!"

"धुक्यात धूर कसा कळला तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"आवो साहेब, धुकं डोळ्याला झोंबत नाय! कढईत तेल जळल्यावानी वास व्हता."

साहेबांनी ते नुसतं लिहून घेतलं. मी मात्र तिथंच अडकलो. जीप चालवून चालवून मला धुराची भाषा कळते. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, एअर फिल्टर तुंबलाय. पांढरा म्हणजे बहुधा इंजिनात पाणी शिरलंय. आणि डोळ्याला झोंबणारा, जळक्या तेलाचा धूर निळा असतो. इंजिन ऑइल पितंय. त्यातही गाडी उतारावर गप आणि तळाला पाय दिल्यावर एकदम लोट, याचा अर्थ सरळ आहे. ॲक्सिलेटरवरचा पाय सुटला की ऑइल आत खेचलं जातं आणि पाय परत दिला की ते एका दमात जळतं. असली गाडी सपाट रस्त्यावर धरून उपयोग नाही. उताराच्या तळालाच उभं राहायला हवं.

मग मी रोज सकाळी तिथं उभा राहू लागलो. त्या वेळेला तिथून भाजीच्या पिकअपच जास्त जातात. एखादी आली की थांबवायची, सोडायची आणि मागून धूर बघायचा. ड्रायव्हर लोक टिंगल करायचे.

"काय जमादार, धुरानं सर्दी मोकळी व्हती का?"

"तुझी पीयूसी दाखव, मग सांगतो," मी म्हणायचो.

मुलगा चुलतभावाच्या मोटारसायकलवर मागं बसून रोज ठाण्यात यायचा. डोळे सुजलेले. एकदा सगळ्यांसमोर ओरडला, "काका, तुमी निसता धूर हुंगत बसा! दहाव्याच्या आत त्याला धरा, नायतर माझ्या आयच्या पिंडाला कावळा शिवायचा नाय!"

दुसऱ्या सकाळी मी परत उताराच्या तळाला होतो. पण किल्ली डोक्यातून जाईना. आमच्या घरच्या बायका बाजाराला निघाल्या की किल्ली पदराच्या गाठीत बांधतात. ओझं घेऊन चालणारी बाई किल्ली मुठीत कशाला धरेल?

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी ठाण्याच्या फाटकात उभा होतो. समोरचा रस्ता उताराचा. वरून एक पिकअप गपचिप आली आणि फाटकाशी चढ घ्यायला ड्रायव्हरनं पाय दिला. निळा लोट सरळ माझ्या तोंडावर आला. डोळे चोळून बघतो तर आत तोच मुलगा. विधीचं सामान आणायला त्यानं त्या दिवसानंतर पहिल्यांदा गाडी काढली होती.

किल्ली कुणासाठी होती, ते मला त्या क्षणी कळलं. मयताच्या मुलाची गाडी तपासावी, हे ना साहेबांच्या मनात आलं होतं ना माझ्या.

त्याला आत घेतलं. पाणी दिलं. साहेब समोर बसले, विचारलं मी.

"इंजिन तेल पितंय तुझं."

"पिस्टनच्या रिंगा गेल्यात. करू करू म्हनतोय."

"त्या सकाळी उताराच्या तळाला गाडीपुढं काय आलं होतं?"

चौकशीत गप्प बसायला जमलं पाहिजे, मारझोडीची गरज पडत नाही.

"वासरू व्हतं," तो शेवटी म्हणाला. "डोळा लागला व्हता, काका. धाडकन वाजलं तवा जागा झालो. कायतरी भुरकं दिसलं. थांबलो असतो तर गुरंवाल्यांनी झोडपला असता. दिला पाय."

"उतरून बघितलंस?"

"वासरूच व्हतं!"

मी मुद्देमालातलं किल्लीचं पाकीट टेबलावर ठेवलं. "ही तुझ्या आईच्या पदरात नव्हती. मुठीत होती. परक्या गाडीसमोर कुणी रस्त्याच्या मधे जात नाही. उतारावर इंजिनाची नुसती बारीक घरघर ऐकूनही तिनं आपली गाडी ओळखली. तुला दारात ताटकळायला नको म्हणून किल्ली द्यायला आली."

त्यानं पाकिटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "मंग मी दारात कुनाची वाट बगत व्हतो?"

साहेब उठून बाहेर गेले.

गाडीच्या पुढच्या लोखंडी गार्डात लुगड्याचे धागे अडकलेले मिळाले. पंचांसमोर काढून सील केले. जबाब झाला, अटक दाखवली. गुन्हा जामीनपात्र, मामा जामीन राहिला. पण मुलगा बाकावरून उठेना.

"मला सोडू नका, काका."

"उद्या दहावा आहे," मी म्हणालो. "पिंड कोण ठेवणार?"

या प्रकरणानं मला एक शिकवलं. पंचनाम्यात हातात काय होतं ते सगळेच लिहितात. ते कुणाला द्यायचं होतं, हेही विचारलं पाहिजे. तपास बरोबर निघाला याचा अभिमान मला आयुष्यभर वाटत आला. या एका तपासाचा मात्र आजवर वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या कपड्यांत नदीवर गेलो. रात्रीत बातमी गावभर झाली होती. पिंड ठेवला होता आणि कावळे झाडावर बसून होते, एकही खाली येईना. मयताचा जीव कशात अडकला असेल, म्हणून भावकी एकेक शब्द देत होती. सुनेला अंतर देणार नाही, नातवंडाला शिकवू. मुलगा हात जोडून उभा होता, ओठ हलत होते, आवाज नव्हता. तुला उडवणाऱ्याला सोडणार नाही, हा आईला त्यानं द्यायचा ठरवलेला शब्द आता त्याला देता येत नव्हता.

मी ना भावकीतला, ना गावचा. तरी चपला काढल्या, पुढं गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आक्का, किल्ली पोचली त्याच्याकडं. आता निघा तुम्ही."