फिटिंग राहिलंय

“फिटिंग राहिलंय मा, गुरुवारी येऊन जा!” फोनवर एवढं बोलून अक्का जीभ चावायच्या आणि आम्ही तोंडात ओढण्या कोंबायचो.

अक्का टेलर नव्हत्या. चेन्नईत एग्मोरच्या आमच्या एचआयव्ही तपासणी केंद्रात त्या रक्त घ्यायच्या. तुम्हीही पाहिलं असेल, संसर्गाचा धोका झाला की लोक धावत येतात, अठ्ठावीस दिवस गोळ्या इमानाने गिळतात आणि शेवटची गोळी पोटात गेली की गायब! अहो, गोळ्या संपल्या म्हणजे सुटलात, हे कुणी सांगितलं? तपासणी करा. तीन महिन्यांनी पुन्हा करा. तेव्हा कळेल. मी हे लाल अक्षरांत छापून वाटायचे. अक्का पत्रक लांब धरायच्या. “ओरडतं गं हे. घरी असा कागद कोण नेईल?” त्या तंजावरकडच्या, त्यांची मराठी तमिळ चालीवर झुलायची.

म्हणून तपासणीची आठवण द्यायला टेलरचा फोन, येणाऱ्याशी आधीच ठरवलेला. पुरुषांना पँटची उंची. ओरगडमच्या कारखान्यातला एक जण तर स्वतःच विचारायचा, “अक्का, माझी पँट कधी?”

एक नर्स होती, तीही तंजावरकडचीच. वॉर्डात वापरलेली सुई तिच्या बोटात गेली. सुया उघड्या टाकणारे मोकळे, आणि लपायचं हिने! माझं डोकं फिरायचं. शेवटच्या तपासणीला ती आली, आणि मागोमाग तिची सासू, काखेत ब्लाउजपीस.

“टेलर कुठे? मलाही शिवायचाय.”

नर्स पांढरीफटक. मी भाषणाच्या तयारीत. अक्कांनी माझ्या पायावर पाय दिला, सुनेला रक्त द्यायला आत दुसऱ्या मुलीकडे पिटाळलं आणि वजनकाट्याजवळची टेप उचलली.

“हात वर करा मामी.”

छाती, कंबर, बाही, सगळं मोजलं. लिहिलं लॅबच्या फॉर्मवर.

“गळा खोल ठेवू?”

“या वयात?”

“मग कुठल्या वयात?”

मी कपाटाआड बसकण मारली. रिपोर्टला अर्धा तास होता. अक्कांनी तो दोन बाह्यांवर काढला.

तिसऱ्यांदा दंड मोजताना सासू हळूच म्हणाली, “दारावरची पाटी मी वाचलीय. डाळीच्या डब्यातल्या गोळ्याही बघितल्यात. रिपोर्ट काय आला?”

मी कपाटाआडून डोकं बाहेर काढलं. अक्कांनी टेप गुंडाळली. “तो तिचा आहे, मामी. सांगायचं तर तीच सांगेल.”

“मी सासू आहे तिची!”

“असाल.”

एवढ्यात नर्स बाहेर आली. सासूचा चेहरा बघून तिला सगळं उमगलं. तिने कागद स्वतःच पुढे केला. “निगेटिव्ह आहे, अम्मा.”

सासूने तिच्या पाठीत धपाटा घातला. “तीन महिने एकटीच भीत बसलीस?” आणि लगेच तिला कवेत घेतलं.

अक्कांनी मला दंडाला धरून व्हरांड्यात ओढलं, दार लावलं.

निवृत्त होऊन त्या तंजावरला गेल्या. मला मात्र त्या अजून त्या व्हरांड्यातच दिसतात: निऱ्या वर धरून, दुखरे गुडघे विसरून, आवाज न करता गिरक्या घेणाऱ्या.