पुढचंही चाक ओढतं

“सोळाव्या वर्षापासून हेच चालवतेय म्हणे,” व्हरांड्यातून आवाज आला. “तिच्या गावात सगळेच चालवतात. बायकासुद्धा.”

मी आत बेसिनपाशी हात धूत होते. वीस आकडे मोजून धुवायची तेव्हा सवयच लागली होती. चौदाव्या आकड्याला लक्षात आलं, की हे माझ्याबद्दल चाललंय.

बोलत होत्या ग्वेनकाकू, माझ्या लॅबमधल्या टेसच्या वडिलांची बहीण. खरं तर आत्या, आणि तोंडाने मी त्यांना इथल्या पद्धतीप्रमाणे नुसतं ग्वेनच म्हणायचे. पण सत्तरीच्या बाईला नावाने हाक मारायची माझी जीभ वळत नाही, म्हणून मनातल्या मनात त्या काकू झाल्या होत्या. त्या फोन स्पीकरवर टाकून नवऱ्याशी बोलत होत्या. नवऱ्याचं नाव कॉल; तो मुलीचं बाळंतपण करायला क्वीन्सलंडला गेला, आणि मागे कोविडमुळे राज्यांमधली सीमा बंद झाली. चार महिने तो पलीकडे आणि मेंढ्या अलीकडे.

आता ‘हेच’ म्हणजे काय, ते सांगते.

टेस आणि मी सिडनीत, वेस्टमीडला एकाच लॅबमध्ये कोविडचे स्वॅब तपासायचो. लॅबमध्ये मी कमी बोलते. मृण्मयी हे नाव कुणाला झेपलं नाही, त्याचं ‘मिन’ झालं, तेव्हाही मी काही बोलले नव्हते. मास्क आल्यावर तर माझी सोयच झाली, कारण गप्प असलेलं कुणाला कळतच नाही. लॉकडाउन उठून सिडनीबाहेर जायची परवानगी मिळाली त्या आठवड्यात टी-रूममध्ये टेसने काकूंचा फोन स्पीकरवर टाकला होता. मागे फ्रीझरची घरघर, काकूंचे अर्धेमुर्धे गिळलेले खेडवळ उच्चार. त्यांनी विचारलं, “तुमच्यापैकी कुणी टू-व्हील-ड्राइव्ह चालवली आहे का?”

मला ऐकू आलं, टू-व्हीलर.

पुण्याच्या मुलीला हे विचारणं म्हणजे पोळी खाल्ली आहे का विचारण्यासारखं. महिन्यातून एखाद्या वेळी टी-रूममध्ये तोंड उघडणारी मी पटकन म्हणाले, की हो, सोळाव्या वर्षापासून, आमच्याकडे सगळेच चालवतात. मग काकू म्हणाल्या, “अरे देवा. हिला घेऊन ये.”

शनिवारी सकाळी वेंटवर्थव्हिलच्या दुकानातून मी भेट म्हणून भाकरवडीचं मोठं पाकीट घेतलं आणि आम्ही निघालो. निळे डोंगर चढून पलीकडे उतरलो, तसा कितीतरी महिन्यांनी डोळ्यांना लांबचं काहीतरी दिसलं. इतके दिवस सगळ्यांत लांबची गोष्ट म्हणजे समोरच्या बिल्डिंगची गॅलरी होती. लिथगोच्या पेट्रोलपंपावर कोविडच्या नोंदीचा क्यूआर कोड स्कॅन करून आम्ही एकेक मीट पाय, म्हणजे इथली खिमा भरलेली कचोरी, घेतला, आणि तो खाताना टेसने सहज खुलासा केला. साध्या मोटरसायकलचं फक्त मागचं चाक इंजिनावर फिरतं. काकूंकडे आहे तिची दोन्ही चाकं फिरतात, म्हणून टू-व्हील-ड्राइव्ह. शिकारीसाठी घेतलेली, घोडासुद्धा जिथे नको म्हणेल तिथे चढते. अशी यंत्रं क्वचितच दिसतात आणि चालवणारे त्याहून कमी. “तू भेटलीस म्हणजे लॉटरीच, मेट.”

माझ्या घशाशी ‘अ‍ॅक्च्युअली’ आलं. माझी आयुष्यातली अर्धी वाक्यं ‘अ‍ॅक्च्युअली’पाशीच अडकलेली आहेत. तेवढ्यात मागच्या ट्रकने हॉर्न दिला, टेसने गाडी पंपावरून काढली, आणि वाक्य मीट पायबरोबर पोटात गेलं.

मजी गावाच्या पुढे डांबरी रस्ता संपला. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता आणि सगळं रान हिरवंगार दिसत होतं. फाटकाशी ग्वेनकाकू काठी टेकून उभ्या होत्या. गुडघा कामातून गेलेला. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण कोविडमुळे तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढे ढकलली त्यात तीही गेली. मी मास्कमधून हसले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, की मी धिप्पाड असेन असं त्यांना वाटलं होतं.

मग तो फोन, आणि मी हात धूत असताना कानावर आलेलं ते वाक्य. पुढे फोनवर जे बोलणं झालं त्यातून मला कळलं, की प्रकरण गमतीचं नाही. डोंगरावर एक रानडुक्कर होतं. ते खाली उतरून कोकरं खायचं. आतापर्यंत अकरा गेली होती. कॉल फोनवरून सांगत होता, की पुरे झालं, मेंढ्या विकून टाकू. काकू त्याला सांगत होत्या, की बंदूक मी चालवते, फक्त वर न्यायला माणूस हवं होतं, ते आलंय. टेस पंधराव्या वर्षी बाइकवरून पडून मनगट मोडून घेतल्यापासून कुठल्याच दुचाकीवर बसत नाही. म्हणजे माणूस ते मीच.

मी हात आणखी वीस आकडे धुतले.

शेडमध्ये ते यंत्र उभं होतं. टायर ट्रॅक्टरचे, सीट सायकलचं, आणि तोंडवळा गणपतीच्या मांडवामागे ठेवलेल्या जनरेटरचा. चाकांचे ड्रम पोकळ. एकात जादा पेट्रोल भरायचं, दुसऱ्यात पाणी. दोन्ही रिकामे ठेवले तर पाण्यावर तरंगतं, असं काकू अभिमानाने म्हणाल्या. पुढच्या चाकालाही साखळी होती. मी क्लच शोधला. नव्हता. गिअरचा एक दांडा होता, तो निघताना ‘लो’वर टाकायचा आणि विसरून जायचं. दोन्ही ब्रेक हातात, उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर. मी पुन्हापुन्हा पाहिलं. ही तर माझी स्कूटी होती, फक्त पहिलवानाकडे वाढलेली.

सुरू करायला दोरी ओढायची. आमच्या सोसायटीचा जनरेटर असाच होता, आणि वॉचमन नसला की तो मीच सुरू करायचे. एका झटक्यात इंजिन धडधडायला लागलं. काकूंनी टेसकडे पाहिलं.

पण खरा पराक्रम वेगळाच झाला. माशा इतक्या होत्या की तोंड उघडायची सोय नव्हती. मी बॅगेतून ओढणी काढली आणि सवयीने बांधली. डोक्यावरून घेऊन, नाकावरून फिरवून, टोकं मागे खोचून, फक्त डोळे उघडे. पुण्यात हे आम्ही लिफ्ट खाली पोहोचायच्या आत करतो. मी हेल्मेट घालायला वळले, तर दोघी टक लावून बघत होत्या.

“बघ,” काकू टेसला हळूच म्हणाल्या. “प्रोफेशनल.”

यानंतर खरं सांगायचं तरी कसं?

दुपारी, म्हणजे इथल्या भाषेत आर्वोला, आम्ही निघालो. टेस युट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) घेऊन खालच्या रस्त्याने ओढ्यापलीकडच्या फाटकाशी थांबणार होती. काकू माझ्या मागे, कॅरिअरला बांधलेल्या उशीवर. बंदूक बाजूच्या म्यानात, रिकामी. तिचा बोल्ट, म्हणजे ज्याच्याशिवाय ती उडत नाही तो खटका, काकूंच्या कोटाच्या खिशात. पहिलं पॅडक (कुंपण घातलेलं रान) मी माणूस चालतो त्या वेगाने पार केलं. तज्ज्ञ माणूस यंत्राचा अंदाज घेत असेल, असं काकूंना वाटलं असावं.

मग चढ लागला. सुटे दगड, त्यात ओल. दगड दिसला की मी ब्रेक दाबायचे, कारण खड्ड्यांच्या शहरात हेच शिकलेले. तिसऱ्यांदा काकूंनी खांद्यावर टकटक केलं आणि कानाशी ओरडल्या, “अडलं की दाबू नकोस, पीळ. पुढचंही चाक ओढतं.”

समोर एक आडवं झाड पडलेलं होतं, माझ्या गुडघ्याएवढं. मी डोळे बारीक केले आणि मूठ पिळली. पुढचं चाक खोडावर चढलं, मांजर ओट्यावर चढावं तसं, मग मागचं, आणि आम्ही पलीकडे. मला हसू फुटलं. ओढणीच्या आत, हेल्मेटच्या आत, मोठ्याने. दीड वर्ष स्वॅबच्या नळ्या मोजताना असं हसल्याचं मला आठवत नाही. पुढचं झाड वळसा घालूनही गेलं असतं, पण मी मुद्दाम त्यावरून नेलं. काकूही मागे हसत होत्या, हे मला पाठीला कळलं.

अर्ध्या वाटेत एक भलंमोठं कांगारू मधोमध उभं. माझा डावा अंगठा हॉर्न शोधायला लागला. हॉर्न नव्हताच. तोंडातून आपोआप निघालं, “ओ काका, बाजूला व्हा!” आणि काका खरंच बाजूला झाले.

माथ्याच्या अलीकडे इंजिन बंद केलं. काकू माझा खांदा धरून वीसेक पावलं चालल्या, दर पावलाला ओठ दाबत, आणि एका खडकामागे आम्ही बसलो. समोर घळ, घळीत चिखलाचं डबकं. वाट बघायची होती. भूक लागली म्हणून मी भाकरवडी काढली, तर काकूंनी डोळे वटारले: आवाज होतो. मग त्यांनीच एक घेतली आणि चघळत बसल्या, गोळीसारखी. मीही. भाकरवडी न चावता संपवायला किती वेळ लागतो, ते मला आता माहीत आहे. शेवटी तिखट लागतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी दुसरी मागितली.

दुसरी अर्ध्यावर असताना नेच्याची पानं हलली. डुक्कर मला वाटलं होतं त्यापेक्षा फार मोठं होतं, काळं, खांद्याला रुंद. ते निवांत डबक्यात उतरलं. काकूंनी बोल्ट बसवला, बंदूक खडकावर टेकवली, आणि मला कान झाकायची खूण केली. मी कान झाकले, डोळे मात्र उघडे ठेवले. एक आवाज, आणि ते जागेवर बसल्यासारखं खाली गेलं. पुन्हा हललं नाही.

काकू आनंदाने ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी टोपी काढली. मग म्हणाल्या, “अकरा.” आणि बोल्ट काढून खिशात टाकला.

उतरताना सर आली. वाट म्हणजे निसरडा लाल चिखल झाला. ओढ्याच्या काठाशी पुढचं चाक सरकलं आणि यंत्र तिरपं व्हायला लागलं. अशा वेळी स्कूटीवर दोन गोष्टी करायच्या असतात: ब्रेक दाबायचा आणि दोन्ही पाय टेकायचे. माझे पाय टेकायला सुटलेही. पण मागे काकूंचा गुडघा होता. आम्ही त्या बाजूला पडलो असतो, तर तो यंत्राखाली गेला असता, आणि ऑपरेशनला तर तारीखच नव्हती.

“काकू, घट्ट धरा!” मी मराठीत किंचाळले, आणि मूठ पिळली.

पुढच्या चाकाने चिखल उडवला, काहीतरी पकडलं, आणि आम्हांला कॉलर धरून ओढावं तसं ओढ्यातून पलीकडे काढलं. टेस फाटकाशी तोंड उघडं टाकून उभी होती. मी थांबले.

“कुठे होता?” काकूंनी विचारलं.

“कोण?”

“काकाटू. तू ओरडलीस ना. मी वर बघत बसले, मला काही दिसला नाही.” माझ्या ‘काकू’चा त्यांच्या कानात काकाटू, म्हणजे इथला तुरेवाला पांढरा पोपट, झाला होता.

रात्रीच्या जेवणाला लाल भोपळ्याचं सूप आणि घरचा पाव होता. काकूंनी कॉलला व्हिडिओवर घेतलं आणि डुकराची गोष्ट सांगितली, पण त्यातलं निम्मं तर माझं वर्णन होतं. मी ओढा कसा मुद्दाम तिरपा घेतला, उतारावर एकदाही ब्रेक कसा लावला नाही. कॉलने मेंढ्यांचा विषयच काढला नाही. त्याने मला विचारलं, “तुझी कोणती होती, इंडियात? कुठलं मॉडेल?” मी तोंड उघडलं. अ‍ॅक्च्युअली. नेटवर्क गेलं.

रविवारी परत निघालो. काकूंनी काठीने गाडीच्या टपावर दोनदा ठोकलं, हाच निरोप. मांड्या इतक्या दुखत होत्या, की लिथगोला मला टेसने हात धरून उतरवलं. डोंगर उतरून सिडनीचे दिवे दिसायला लागले तेव्हा मी खिडकीतून बघत होते आणि माझी उजवी मूठ मांडीवर आपोआप पीळ देत होती. मला वाटायचं, माझ्यासारख्यांना आयुष्यात मागून ढकलावं लागतं: आईने, बॉसने, व्हिसाच्या तारखेने. पुढूनही ओढलं जाऊ शकतं, हे मला माहीतच नव्हतं. पण त्या शोधाच्या बुडाशी एक चुकीचा ऐकलेला शब्द होता, आणि तो खड्यासारखा टोचत होता. माझं कौतुक झालं होतं, पण ते माझं नव्हतं.

बुधवारी टी-रूममध्ये टेसचा फोन पुन्हा स्पीकरवर होता. टेबलांना दोन-दोनच खुर्च्या, पण सगळ्या भरलेल्या, आणि सगळे ऐकत होते. त्या दिवसापासून एकही कोकरू गेलं नाही, काकू सांगत होत्या. कॉल म्हणतो, मेंढ्या राहू दे. आणि पलीकडच्या शेतकऱ्याने असलंच एक यंत्र आणलंय, त्याला ते जमत नाही, तर मिनला शिकवायला येता येईल का शनिवारी? एवढ्या वर्षांचा अनुभव कुठे मिळतो?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फ्रीझर घरघरत होता. मी मास्क हनुवटीवर ओढला, म्हणजे या खेपेला तरी नीट ऐकू जावं.

“काकू, अ‍ॅक्च्युअली,” मी म्हणाले, आणि थांबले नाही, “माझी नुसती स्कूटी होती. गुलाबी. पुढे भाजीची पिशवी अडकवायला हुक होता. शनिवारी दहापर्यंत पोहोचते.”