आबांच्या गाडीचं ऑइल

लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली एक मोटारसायकल माझ्या वडिलांनी, आबांनी, घेतली. ते भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात मिस्त्री होते, आणि आपल्या गाडीला परक्याचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. मग एकाएकी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला, हात मात्र लोंबतच राहिला. त्यांचं करायला मी सासरहून आले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हा हात आता उठायचा नाही. आबांना ते सांगायची माझी छाती झाली नाही.

एका सकाळी त्यांनी फर्मान काढलं, "गाडी लई दिस उभी हाय. पुढच्या चिमट्याचं ऑइल बदल. हात आला की पारनेरला जाऊन येतो."

मी पदर खोचून बसले. ते खाटेवरून हुकूम सोडत होते. तोंडाला काही झालेलं नव्हतं. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, धक्के सोसायला दोन्हींत स्प्रिंग आणि ऑइल. खालचे स्क्रू काढून काळं ऑइल गळू दिलं, स्क्रू परत बसवले आणि वरून नवं ओतलं, दोन्हीकडे सारखं मापून.

"एकीकडं कमी पडलं तर कळंल का, आबा?"

"हँडलवर न्हाई कळायचं. दोन्ही नळ्या चाकाच्या एकाच आसाला बांधल्यात, बसल्या तर संगंच बसत्यात. येडी कुठली."

गाडी स्टँडवरून उतरवून मी मागून धरली. आबा उठले. उजव्या हाताने डावा हात उचलून त्यांनी हँडलवर ठेवला, मग उजवाही ठेवला आणि अंगाचा भार टाकला.

"डावीकडं दम न्हाई," ते म्हणाले. "ऑइल कमी घातलंस."

आत्ताच काय म्हणालात, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी डावी नळी पुन्हा खोलली, रिकामी केली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तेवढंच ऑइल परत भरलं. दुसरं काय करणार होते मी?

आबांनी पुन्हा हात ठेवून दाबून पाहिलं. डावी बोटं हँडलवरून घसरून खाली आली. ते त्या बोटांकडे बघत राहिले.

त्यांनी ओरडावं, मला वाटेल ते बोलावं, असं मला फार वाटत होतं. ती नळी मी दिवसभर खोलत बसले असते.

"ऑइल बरोबर हाय," आबा हळूच म्हणाले, आणि डावा हात उजव्याने उचलून पोटाशी धरला.