निळा रंग गावाच्या हाती देणारे सुर्वे मास्तर

सुर्वे मास्तरांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांच्यावर खेकसले म्हणून. किन्हवलीच्या बाजारात विकास गटाच्या कचेरीने पाण्याविषयीचे तक्ते लावले होते. मी ग्रामसेविका म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि तक्ते समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे होते. एक गृहस्थ तक्त्याकडे पाठ करून आणि बायकांच्या घोळक्याकडे तोंड करून खुशाल उभे. मी बोलायला लागले तरी हलेनात. शेवटी मी त्यांना सुनावले की, चित्र बघायचे नसेल तर बाजूला व्हा, बायकांकडे काय बघता? ते निमूट बाजूला झाले. मग हळूच म्हणाले की, चित्र मीच काढले आहे, ते मला पाठ आहे. बघणारे कुठे अडतात तेवढे बघत होतो. मला कुठे तोंड लपवू असे झाले. मास्तरांनी मात्र हा प्रसंग पुढे कित्येकांना रंगवून सांगितला, आणि दर वेळी त्यात माझा आवाज आणखी थोडा चढवला.

त्याच मास्तरांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहितील, कचेरीतले सहकारीही लिहितील. मी त्यांच्याबरोबर शहापूर आणि मुरबाडच्या वाड्यांवर पायी हिंडले, म्हणून माझ्या वाट्याला आलेले मास्तर तेवढे इथे सांगते.

ते मूळचे मुरबाडच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. विकास योजनेची कामे सुरू झाली तेव्हा कचेरीने त्यांना तक्ते रंगवायला मागून घेतले. त्याआधी शहरातून छापील चित्रे येत. त्यांत तांब्याची घागर, सिमेंटचा कठडा आणि गोल साडीतली बाई असे. ती बघून आमच्या बाया ‘या कोनच्या पावण्या?’ असे विचारीत. मास्तरांनी ती गुंडाळून ठेवली आणि मांजरपाटाच्या जाड कापडावर स्वतः चित्रे काढायला घेतली. गेरू, काजळी, चुना आणि कपड्यांची नीळ, हे सगळे सरसात कालवायचे, एवढेच त्यांचे रंग. कापडाची गुंडाळी सायकलला बांधून ते मुरबाडहून शहापूरला येत. चित्रातल्या बाईने लुगडे कसे नेसावे, डोक्यावर मडके की हंडा, हे ते ज्या वाडीला जायचे तिथल्या बायकांना विचारून ठरवीत.

वरिष्ठांशी त्यांनी कधी वाद घातला नाही. त्यांची रीत निराळी होती. एका साहेबांचा आग्रह असे की, प्रत्येक तक्त्याखाली ठसठशीत घोषणा हवी. मास्तर ती सुरेख अक्षरांत लिहीत आणि वाडीत तक्ता टांगताना तेवढी पट्टी मागे दुमडून टाचण्या लावीत. साहेबांची जीप दिसली की टाचण्या काढीत. शिस्त म्हणून मला हे पसंत नव्हते, पण टाचण्या सांभाळायला मीच उभी असे.

माझ्यासारख्या एकट्या बाईला त्या दिवसांत गावोगाव हिंडणे सोपे नव्हते. एका पावसाळ्यात मला हिवतापाने गाठले. मास्तर खोलीवर आले ते बैलगाडी घेऊनच, आणि मला सरळ मुरबाडला आपल्या घरी घेऊन गेले. मी बरी होईपर्यंत वहिनींनी माझे सगळे केले. लोक काय म्हणतील, हा विचार त्या दोघांच्या मनाला शिवला नाही. मी तो विचार बोलून दाखवला तेव्हा वहिनींनी पेजेची वाटी पुढे सरकवली आणि आधी ही संपवा म्हणाल्या. ते घर मला तेव्हापासून माहेरासारखे आहे.

आता शेणव्याच्या आतल्या वाडीची हकीगत. मास्तरांचे मोठेपण मला तिथे कळले.

डोंगराच्या पायथ्याची ती वाडी, मजुरीवर जगणाऱ्या घरांची. खालच्या अंगाला एकच विहीर, आणि ती शिमगा झाला की आटे. मग बायका लांबच्या गावच्या विहिरीवर जात. तिथे त्यांना दोराला हात लावू देत नसत. गावच्या बायकांचे भरून झाले की कुणीतरी वरून ओतेल तेवढे पाणी मिळे. विहिरीच्या वरच्या बाजूला नाल्यात दगडमातीचा बांध घातला तर पाणी जमिनीत मुरून विहिरीला लागेल, असे कचेरीचे म्हणणे होते. मात्र बांध वाडीने घालायचा होता, आणि तोही नाला वाहता आहे तोवरच. नाहीतर आणखी एक उन्हाळा त्या परक्या विहिरीवर जाणार होता.

जमिनीखालचे पाणी दाखवायचे कसे, या पेचावर मास्तरांनी बराच विचार केला होता. वाडीच्या शाळेच्या भिंतीवर त्यांनी डोंगर काढला, नाला, बांध, झोपड्या आणि विहीर काढली. बांधामागे रुंद निळे पाणी, आणि तिथून झोपड्यांच्या खालून विहिरीपर्यंत जाणाऱ्या निळ्या रेघा. नीळ त्यांनी दोनदा चढवली. चित्र इतके झकास उतरले होते की, आता वाडी हो म्हणणारच, अशा खुशीत आम्ही परतलो.

पुढच्या आठवड्यात गेलो तर वाडीतल्या धर्मीआजींचे घर उतरवलेले. कारवीच्या कुडाच्या भिंती बाजूला रचलेल्या, मेढी म्हणजे घराचे खांब आणि वासे दोराने बांधून अंगणात ठेवलेले. शेजारची आणखी दोन घरे त्याच तयारीत होती. मी घाबरून विचारले तेव्हा आजींनी भिंतीकडे बोट केले. मुंबईला पाणी न्यायला मोठा तलाव झाला त्यात आजींचे सासर बुडाले होते, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते.

“ह्यो निला रंग आमी वलखतो,” आजी म्हणाल्या. “तवा बी कागदावर असाच दावला व्हता. मंग आमचा गाव गेला, घराची लाकडा बी गेली. या बारीला लाकडा तरी वाचवते.”

झोपड्यांशेजारचे निळे पाणी आणि त्यांच्या खालून सरकणाऱ्या निळ्या रेघा! आजींनी त्या चित्रात दुसरे काय वाचायचे होते? अर्धी वाडी त्यांच्या बाजूची झाली होती, आणि बांधाच्या दगडाला कुणी शिवायला तयार नव्हते. मी माझ्या स्वभावाप्रमाणे आवाज चढवून समजावू लागले. मास्तरांनी मला थांबवले. त्यांनी चुना कालवून मागितला आणि सगळ्यांच्या देखत आपल्या हातांनी चित्रातला निळा रंग पुसून टाकला. डोंगर, बांध, झोपड्या आणि विहीर तेवढी राहिली. मग निळीची पुडी आजींपुढे ठेवून ते म्हणाले, “आजी, आता यात मी पाणी काढणार नाही. तुम्हाला दिसेल तेव्हा, दिसेल तिथे तुम्हीच काढा. नाही दिसलं तर भिंत अशीच राहू द्या.”

त्यावर साहेब पुष्कळ हसले. पाण्याचे चित्र आणि त्यात पाणीच नाही, असे ते ज्याला त्याला सांगत. मास्तरांनी ते ऐकून घेतले आणि दर रविवारी वाडीवर जाऊ लागले. सुरुवातीला त्यांच्याबरोबर दोन-तीन पुरुषच दगड उचलायला आले. मग एकेक करून बाया आल्या. बांध उभा राहिला, मागे गुडघाभर पाणी साठले आणि झोपड्यांच्या उंबऱ्याला त्याचा थेंबही लागला नाही. आता तरी रंग भरा, असे मी आजींना म्हटले. त्या पुतण्याच्या पडवीत राहत होत्या, लाकडे अजून बांधलेलीच होती. नाल्याला पाणी असताना भरण्यात काय मोठेसे, चैत्रात बघू, असे त्यांनी मला बजावले.

चैत्रात आम्ही दोघे गेलो. दुरूनच बांध दिसला. मागे थेंब नव्हता, गाळाला भेगा पडल्या होत्या. सगळे फुकट गेले, असेच मला वाटले. मास्तरांचीही पावले जड झालेली मला दिसत होती.

शाळेच्या भिंतीपाशी आलो आणि दोघेही थबकलो. बांधामागची जागा पांढरीच होती. विहीर मात्र अर्ध्यापर्यंत निळी भरलेली, बोटांनी सारवलेली.

“बांधात नाय रायलं पानी,” मागून आजी म्हणाल्या. “हिरीत हाय. जाऊन बघा.”

आम्ही जाऊन बघितले. होते. मास्तर तिथेच विहिरीच्या थारोळ्याच्या दगडावर बसले आणि त्यांनी डोळ्यांतले पाणी लपवले नाही. मीही लपवले नाही. आम्ही परत येईपर्यंत आजींनी आपल्या अंगणात मेढीसाठी खड्डा खणायला घेतला होता.

तेव्हापासून मास्तर कुठल्याही गावात निळा रंग स्वतः लावत नाहीत. चित्र ते काढतात, पाणी गाव काढते. कधीकधी भिंतीवरची पाण्याची जागा कोरीच राहते. अशा गावी मास्तर पुन्हा जातात आणि बांध कुठे गळला ते लोकांबरोबर शोधत बसतात. कोरी राहिलेली भिंत झाकून टाकावी, असे त्यांना कधी वाटले नाही. मला त्यांच्याविषयी जो आदर आहे तो मुख्यतः यासाठी आहे.

त्या वाडीच्या बायका आता उन्हाळ्यात आपल्याच विहिरीवर, आपल्याच हातांनी पाणी शेंदतात. मास्तरांना आणि वहिनींना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. मास्तरांची सायकल आणखी पुष्कळ वर्षे या दोन तालुक्यांत फिरत राहो, आणि दर चैत्रात त्यांना त्या विहिरीचे पाणी प्यायला मिळो. शेंदून द्यायला धर्मीआजी आहेतच.