एका पायाला पाच माणसं

“तोंड नंतर दाखव, आधी तळपाय दाखव.”

आमच्या मॅडमचा नमस्कार हा असा. समोर अंबडच्या कारखान्यातला कामगार असो नाहीतर कॉलेज रोडवरचा बंगलेवाला, त्यांना फरक पडत नसे. बुटक्या स्टुलावर बसायच्या, मांडीवर हिरवं कापड टाकायच्या आणि त्यावर दोन थापा मारायच्या. साठी उलटलेली सर्जन बाई आपला पाय मांडीवर घेते म्हटल्यावर माणसं कासावीस व्हायची. पाय आखडून घ्यायची, हात जोडायची. मॅडम घोटा धरून ओढायच्याच.

मी त्या खोलीची इनचार्ज सिस्टर. तुम्हाला वाटेल, आता ही गोड गोड आठवणी सांगणार. नाही सांगणार. मला राग आलाय आणि तो काही केल्या उतरत नाही, म्हणून सांगतेय.

साखरेच्या आजाराने ज्यांच्या पायातली जाणीव गेली, त्यांच्या जखमांची ती खोली. अशा माणसाच्या चपलेत खिळा घुसला तरी त्याला पत्ता नसतो. कळतं ते वास सुटल्यावर. मग घरात हळद भर, चुना भर, मंजन भर, सगळं करून झालं की दवाखाना. आणि बऱ्याच दवाखान्यांत त्यावर एकच उत्तर तयार असतं: गुडघ्याखालून काढून टाकू. पेशंट चार दिवसांत घरी, विषय संपला.

हे ऐकलं की मॅडमच्या डोक्यात तिडीक जायची. त्यांचा नियम असा की दर गुरुवारी सगळ्यांनी एकाच वेळी एकाच पायाभोवती उभं राहायचं. साखरेचे डॉक्टर, रक्तवाहिन्यांचे डॉक्टर, स्वतः मॅडम, ड्रेसिंगला मी आणि मऊ तळाच्या चपला बनवणारे आमचे चाचा. पाचही जणांनी बघितल्याशिवाय कोणी करवतीचं नाव काढायचं नाही. भांडणं व्हायची, अगदी भाजीबाजारासारखी. रक्तवाहिनीवाले म्हणायचे, “खाली रक्त पोचतच नाहीये.” की मॅडम उसळायच्या, “मग पोचव ना! तुला इथे आरती ओवाळायला बोलावलंय का?” चाचा मधेच चष्मा वर करून सांगायचे, “मॅडम, टाचेवर वजन पडू देत नाही मी. ते माझ्यावर सोडा.” डॉक्टर असो की चाचा, सगळ्यांना अरे-तुरे. पण या भांडणातूनच पाय वाचायचे हो. एका खोलीत, एका वेळी भांडलं की निर्णय तिथल्या तिथे व्हायचा.

आणि सहावं माणूस घरचं. रोज संध्याकाळी तळपाय बघायला घरातलं कोणीतरी नेमायचंच, हा मॅडमचा हट्ट. सासऱ्याचे पाय सून बघायची, आईचे पाय मुलगी बघायची. घोडं अडायचं ते नवरे मंडळींपाशी.

त्र्यंबकच्या पुढे एका पाड्यावरून एक जोडपं यायचं. भात, नागली करणारी माणसं, पन्नाशीतली. तिच्या तळव्याला रुपयाएवढं भोक पडलेलं. घरात तिसरं कोणी नाही. मॅडमनी नवऱ्याला समोर बसवलं आणि म्हणाल्या, “धर पाय. बोटांच्या मधे बघ.”

तो दोन पावलं मागेच सरला. “बायकोचे पाय धरू मी?”

“लग्नात हात धरलास ना? तो काही सुटून पडला नाही तुझा.”

आता ती रडकुंडीला आली. “नका ओ मॅडम, धन्याला पाय लावला तर पाप लागंल मला.”

“पाप मी घेते. मला सवय आहे. धर रे.”

नाही धरला त्याने. मान खाली घालून उभा राहिला. पाय मात्र महिनोन्महिने खपून भरून काढला आम्ही. मेलेली कातडी काढ, ड्रेसिंग कर, साखर आवर, चपलेचा तळ बदल. भोक बुजलं, वर गुलाबी नाजूक कातडी आली. मॅडमनी खोलीत पेढे वाटले आणि साखरवाल्या पेशंटांचं चण्या-फुटाण्यांवर भागवलं.

आणि श्रावण संपता संपता तीच बाई परत. पायाची चाळण. एक बोट काळं.

काय झालं होतं, ऐका. नवरा नवस बोलला होता. पाय वाचला तर बायको ब्रह्मगिरीची फेरी करेल, अनवाणी. बोलणारा हा आणि झिजले तिचे पाय! अख्खा डोंगर ती त्या नव्या कातडीवर चालली. मला सांगताना तिचा चेहरा उजळला होता. “जरासुदिक दुखलं नाय, सिस्टर. देवानं लय सांभाळलं.”

दुखायला जाणीव नको का गं बाई? माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी त्या नवऱ्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. मॅडमनी तर खोली डोक्यावर घेतली. “देवाला द्यायचं होतं तर स्वतःचे पाय द्यायचे होतेस! हिचे कशाला दिलेस?” मग काय झालं कोण जाणे, तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तिचा घोटा धरला. वास येत होता, तरी सोडला नाही. ती “अवं, काय करता” करत राहिली. मॅडम एकदम हळू आवाजात म्हणाल्या, “हां. आता बोटांच्या मधे बघ.”

एक बोट गेलं. पाय राहिला. त्या दिवसापासून तो रोज बघायला लागला. पाड्यावरच्या बायका हसतात म्हणाला. हसू देत, मेल्या.

आता माझ्या रागाकडे येते. दवाखान्यात एक नवा साहेब आला. चकचकीत बूट, गळ्यात टाय. गुरुवारी दारात उभा राहून त्याने आमचं भांडण पाहिलं आणि विचारलं, “एका पायाला पाच माणसं? लग्न आहे का कोणाचं?”

मॅडमनी मान वर न करता उत्तर दिलं, “खांदा द्यायला चार पुरतात. वाचवायला पाच लागतात.”

झालं. पुढच्या महिन्यात गुरुवार बंद. ज्याने त्याने आपापल्या ओपीडीत, आपापल्या वारी बघावं. चाचांना सांगितलं, गरज पडली तर बोलवू. मला खाली केसपेपरच्या खिडकीमागे बसवलं. मॅडम भांड भांड भांडल्या, शेवटी त्यांना निरोपाचा गुच्छ देऊन मोकळे झाले. गुच्छ त्यांनी स्टुलावर ठेवला आणि धुळ्याला, आपल्या गावी निघून गेल्या. खोलीत आता चेकअपची पॅकेजं विकतात. एसी आहे, मासळ्यांची टाकी आहे.

लग्न आहे का म्हणाला होता ना साहेब? मोडलं काय, ते आता ऐका.

पाड्यावरच्या त्या नवऱ्याला एका संध्याकाळी तिच्या टाचेवर फोड दिसला. हरभऱ्याएवढा. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तिला घेऊन आला तो. याहून जास्त माणसाने काय करायचं? साखरेच्या डॉक्टरांनी साखर बघितली, पायाचं रक्तवाहिनीवाल्यांना विचारा म्हणाले. ते शुक्रवारी येतात. शुक्रवारी ते म्हणाले, आधी पू काढून घ्या. पू काढणारा पोरगेला डॉक्टर म्हणाला, गोळ्या खा, आठ दिवसांनी या. चपलेचं कोणी विचारलंच नाही. प्रत्येकाने आपापलं बघितलं. पाय कोणीच बघितला नाही. मला शोधत तो खिडकीपाशी आला तेव्हा ती तापाने फणफणली होती आणि काळेपणा नडगीपर्यंत चढला होता.

मी तिथूनच मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. साहेब बघतोय तर बघू दे म्हटलं, खड्ड्यात गेला. मॅडमनी फोन नडगीजवळ धरायला लावला. मग म्हणाल्या, “आता थांबू नका. जीव जाईल तिचा. काढू दे.”

हे त्यांच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं मला!

“पहिल्यांदा कोणाला दिसलं हे?” त्यांनी विचारलं.

“नवऱ्याला. टाचेवर फोड दिसला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आणलं त्याने.”

पलीकडे मॅडम रडत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. “त्याला सांग, तुझं काही चुकलं नाही. आजच सांग. नाहीतर जन्मभर स्वतःला खात बसेल.”

ऑपरेशन झालं, गुडघ्याखालून. ती गुंगीत होती. तो कॉटच्या पायथ्याशी फरशीवर बसला होता. मी त्याच्याजवळ उकिडवी बसले आणि मॅडमचा निरोप सांगितला. तुमचं काही चुकलं नाही, दादा. चुकलं ते आमचं, या इमारतीचं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली. मग चादर जरा वर सारली, तिचा राहिलेला पाय हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवला.

“सिस्टर,” तो म्हणाला, “ह्याला काय दिसलं तर कोणाकडं आणू?”