डावीकडचा रंगवलेला भाग

निवृत्तीनंतर मी बरंच काही लिहून काढलं. वडिलांची सरकारी नोकरी, उर्दू-तेलुगू बोलणाऱ्या ह्या शहरातलं, चिक्कडपल्लीचं बिऱ्हाड, आईची अर्धी उर्दू अर्धी मराठी. नातेवाइकांनी वाचून कौतुकही केलं. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांपाशी आलो की मी हात आखडता घ्यायचो आणि डोळे दुखतात असं सांगायचो. डोळे दुखत नव्हते. ही गोष्ट मला सांगायची नव्हती.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगच्या टीमचा प्रमुख होतो. हाताखाली नऊ जण. दरवर्षी प्रत्येकाच्या कामाला पाचपैकी गुण द्यायचे असत. त्या वर्षी वरून नवा हुकूम आला की नुसते गुण चालणार नाहीत, टीमचा बेल कर्व्ह काढून दाखवा. मध्ये फुगलेली आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारी, घंटेच्या आकाराची रेघ. तिचं डावीकडचं शेपूट रंगवायचं आणि त्यात निदान एक नाव असलंच पाहिजे. त्या नावाचं पुढे काय होतं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्या माणसाला बोलावून राजीनामा मागत.

माझे नऊही जण चांगलं काम करणारे. सगळ्यांचे गुण चारच्या आसपास. ते एक्सेलमध्ये घातले तर घंटा उमटेना, नुसता एक उंच सुळका आला. शेपूट औषधालाही नव्हतं. तेव्हा मी सरासरीच्या चौकटीत हाताने तीन टाईप केलं आणि खालच्या चौकटीत, गुण किती पसरलेत ते सांगणारा आकडाही सोयीने वाढवला. लगेच सुरेख, गुळगुळीत घंटा तयार झाली. त्या सूत्राला हे दोन आकडे पुरतात. रेघेखाली खरोखर माणसं आहेत का, हे ते विचारत नाही.

शेपूट रंगवणं मात्र मला जमेना. रंग भरला की अख्खी घंटाच लाल व्हायची. शेवटी टीममधल्या एका मुलीला हाक मारली. ती लग्नानंतर पुण्याहून इथे आलेली, विद्यानगरात राहायची. चारचौघांत मला सर म्हणायची, आसपास कुणी नसलं की काका.

"काका, सगळं एकाच कॉलममध्ये घातलंय तुम्ही, म्हणून होतंय. सरका जरा." तिने माझी खुर्चीच बळकावली. "शेजारी दुसरा कॉलम करायचा. गुण दोनपेक्षा कमी असतील तिथे रेघेचाच आकडा, नाहीतर शून्य. आता फक्त ह्या कॉलमला रंग द्या. झालं!"

"एवढंच?"

"एवढंच. पार्टी द्या आता. पण ह्या लालमध्ये बसवणार कुणाला?"

"अजून ठरलं नाही."

"बघा हं, मला ढकलाल."

"तुला कशाला ढकलू?" मी म्हणालो, आणि तेव्हा ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये शेजारच्या टीमच्या साहेबांनी चहा पिता पिता टोला हाणला, "क्या साब, इस बार बी तुमारे मराठी लोगां कू फुल मार्कां?" माझ्या टीममध्ये मराठी अशी ती एकटीच. सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. आमच्या घराण्याला हीच भीती पिढ्यान्‌पिढ्या. दुसऱ्यांच्या भाषेच्या शहरात नोकऱ्या केलेल्या, त्यामुळे आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये. वडील ओळखीच्या मराठी माणसाची फाइल मुद्दाम सगळ्यांत शेवटी उघडत, आणि घरात त्याचा अभिमान सांगितला जाई. मी तोच अभिमान पुढे चालवला. दुसऱ्या कुणाचं नाव घातलं असतं तर प्रश्न आले असते. तिचं घातल्यावर कोण विचारणार होतं?

मी तिचे चार गुण खोडून दीड केले. शेऱ्यात लिहिलं, पुढाकार कमी.

मीटिंगमध्ये कुणीही आकड्यांकडे पाहिलं नाही. मोठे साहेब एवढंच म्हणाले, "लाल नक्को, आँखां में चुभता. जरा हल्का करो." मी तिथल्या तिथे गुलाबी केला. ते कसं करायचं हेही तिनेच शिकवलं होतं. बाहेर पडताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मराठी असून मराठी माणसाचं नाव दिलंत, असा माणूस पाहिजे, म्हणाले. मला बरं वाटलं. हे लिहायला सगळ्यांत जड जातं, पण बरं वाटलं.

तिला सांगायचं काम माझ्याकडेच आलं. ती डायरी घेऊन समोर बसली.

"काका, माझं काय चुकलं ते सांगा. मी सुधारते."

"तसं चुकलं काही नाही. कर्व्ह तसा आला."

"कर्व्ह तर मीच काढून दिला होता ना?"

मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. तिने तो घेतला नाही. डायरी मिटून म्हणाली, "नवरा सध्या नोकरी नसल्याने घरीच आहे. आईचं डायलिसिस माझ्या कंपनीच्या विम्यावर चाललंय. एक वर्ष तरी थांबता नाही का येणार?"

मी म्हणालो, वर बोलून बघतो. मी वर गेलो नाही. माझ्या खोलीत जाऊन बसलो.

राजीनामा दिला तशी ती विम्याबाहेर गेली आणि आईही. तिघं पुण्याला परतली. काही महिन्यांनी टीममधल्या एकाने डबा खाता खाता सांगितलं, तिची आई गेली. तिथे डायलिसिसची आठवड्यातली एक खेप पैशांअभावी चुकायला लागली होती म्हणे. आजारच तसा होता, कदाचित त्या तशाही गेल्या असत्या. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ते मलाच ऐकू येत नाही.

गेल्या वर्षी इथेच, नारायणगुड्यात एका लग्नात ती दिसली. केस पिकायला लागलेले. मी खांबाआड होत होतो, पण तिने पाहिलं, जवळ आली आणि वाकून नमस्कार केला. नवऱ्याला म्हणाली, "हे माझे इथले साहेब. फार सांभाळून घ्यायचे मला." त्यात टोमणा असता तर मला सुटल्यासारखं झालं असतं. टोमणा नव्हता. पुढाकार कमी हा शेरा तिला कुणी दाखवलाच नव्हता. सगळं वरूनच आलं, असं ती इतकी वर्षं समजत होती.

"तब्येत कशी आहे, काका?"

"ठीक," मी म्हणालो. "जेवलीस का?"

"आत्ताच. बराय, निघतो आम्ही. पुण्याची गाडी गाठायचीय."

मी हो म्हणालो. ती दारापर्यंत पोचेतो वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, रिक्षा निघून गेली तरी होतं. बाई गं, तुझं काम चांगलं होतं. तुझे चार गुण होते, ते मी माझ्या हाताने दीड केले, लोकांनी मला नावं ठेवू नयेत म्हणून. तुझ्यासाठी मी वर कुणाशी बोललोही नाही. मला माफ कर.